गाणं कधी सुरू होते?

"अहो, हे तेच तेच काय वाजवून राहिले? गाणं कधी सुरू होते याचं?"

स्वयंपाकघरातून हा प्रश्न आला तेव्हा मी योहान सेबास्टियन बाखच्या सी मेजर प्रेल्यूडच्या नवव्या घरात अडकलो होतो. उत्तर दिलं नाही. एक तर बोटं गुंतलेली होती, आणि दुसरं म्हणजे प्रश्न बरोबर होता. आधीची आठ घरं वाजवून झाली होती आणि त्यात गुणगुणता येईल अशी एकही ओळ नव्हती.

घर म्हणजे पाच रेघांवरच्या दोन उभ्या दांड्यांमधली जागा. तिचं रूढ नाव बार. पण हा तुकडा मी हाती घेतला तो २०२०च्या टाळेबंदीत. चंद्रपुरात तेव्हा २०१५ पासूनची दारूबंदी चालू होती, ती उठली २०२१ मध्ये. अशा दिवसांत रात्री साडेदहाला फोनवर मित्राला "आज आठ बार झाले" असं सांगणं बरं दिसत नव्हतं. म्हणून घर.

असली पस्तीस घरं. शेवटची तीन सोडली तर प्रत्येकात सोळा सूर, तेही खरं तर आठच, कारण आठ वाजले की तेच आठ पुन्हा. त्या आठांतही वेगळे सूर जास्तीत जास्त पाच. डाव्या हातानं खालचे दोन दाबून धरायचे आणि उजव्यानं वरचे तीन क्रमानं वाजवून लगेच पुन्हा वाजवायचे. पहिलं घर आपल्या भाषेत सा ग, प सां गं, प सां गं. बस, एवढाच साचा. तो बत्तीस घरं जराही बदलत नाही. पियानो शिकवणारे हा तुकडा सोपा म्हणून लवकर देतात. मी पेटीवाला, म्हणून मला तो अवघड गेला, आणि ज्या कारणानं अवघड गेला त्याच कारणानं पुढं कळला.

मी नागभीडकडचा. आमच्याकडे भात कापून झाला की मंडई भरते, शंकरपट होतो आणि रात्री नाटक. झाडीपट्टीचं नाटक दहा-साडेदहाला सुरू होतं आणि कोंबडं आरवेपर्यंत चालतं. मंचासमोर वादकांची जागा. लहानपणी नट दिसायला पुढं जागा मिळाली नाही, की मी तिथं जाऊन बसायचो. ऑर्गनवाला पायानं भाता मारायचा, त्याचे दोन्ही हात पट्ट्यांवर आणि डोळे मात्र कायम वर, नटाच्या तोंडाकडे. नट गाणं कुठून उचलेल, कुठं थांबेल, वन्समोअर आला तर कुठून परत धरेल, सगळं त्या तोंडावर. गाणं नसेल तेव्हाही त्याचे हात चालूच. प्रवेश बदलताना, नायिका रडताना, कोणी पाणी प्यायला आत गेलेलं असताना तो नुसते सूर धरून ठेवायचा. आमच्याकडे याला सूर भरणं म्हणतात. पुढं चंद्रपुरात नोकरी करता करता भजनी मंडळात मी स्वतः तीस वर्षं तेच केलं. पेटीवाल्याचा जन्म गाणाऱ्याच्या एक पाऊल मागं चालण्यात जातो.

बाखचा प्रेल्यूड ऐकला की वाटतं, कोणीतरी सूर भरतंय आणि गाणारा अजून यायचाय.

हे आमच्या घरच्यांनाच वाटलं असं नाही. शार्ल गुनो या फ्रेंच संगीतकारालाही वाटलं होतं. १८५३ साली त्यानं या प्रेल्यूडच्या डोक्यावर आपली एक लांब, गोड चाल ठेवून ती छापली. पुढं तिच्यावर 'आवे मारिया'चे शब्द बसले आणि ती जगभर गेली. लग्नात, चर्चमध्ये, सिनेमात सगळीकडे. बाखचा अख्खा तुकडा तिच्या खाली साथीला बसला. गुनोची चाल वाईट नाही, पण त्याला खालचं ऐकू आलं नसावं असं मला वाटतं. चाल या तुकड्यात आहे. ती वर नसून तळाला आहे, डाव्या हाताच्या करंगळीत.

आता या डाव्या हाताविषयी बोललंच पाहिजे. पेटीवाल्याचा डावा हात म्हणजे भात्याचा हात. १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबेननं हार्मोनियमचं पेटंट घेतलं, तेव्हा ती पायानं चालायची आणि दोन्ही हात वाजवायला मोकळे असायचे. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५च्या सुमारास तिला जमिनीवर बसवली, भाता मागं लावला, आणि आपल्या बैठकीला सोयीचं वाद्य झालं. त्या सोयीत आपला डावा हात हवा भरायला गेला तो गेलाच. माझ्या डाव्या हाताला भाता उत्तम येतो. श्वास कुठं घ्यायचा, गाणाऱ्याचा आवाज बसला की हवा किती कमी करायची, सगळं येतं. पण वयाच्या पन्नाशीनंतर पहिल्यांदा त्याच्या बोटांना मी कामाला लावलं, तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नवरा-नवरीसारखी एकमेकांना चिकटून बसली. एक खाली गेलं की दुसरं आपोआप जायचं.

दुसरी अडचण सुराची. पेटीचा सूर हवा आहे तोवर जिवंत. पियानोचा सूर जन्मला त्याच क्षणी मरायला लागतो. माझा डिजिटल पियानो आहे, खरा नव्हे. इथल्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि दोन महिन्यांत भिंतींना ओल येते. त्यात लाकडाचं एवढं मोठं खोकं सुरात ठेवायचं म्हणजे घरात माणूस ठेवावा लागेल. पण डिजिटलमध्येही सूर तसाच विरतो. डाव्या हातानं सा दाबून धरला तरी घर संपेपर्यंत त्याची नुसती सावली उरते. पहिले काही दिवस मी तो जगवायला पट्टी आणखी जोरात दाबायचो. दाबून काय होणार?

तिसरी खोड ठेक्याची. आठ सूर म्हटले की माझ्या हाताला भजनी ठेका आठवतो. साचा तसा दोन अधिक तीन अधिक तीन असा पडतो, कारण दोन डाव्याचे आणि तीन-तीन उजव्याचे. मी नकळत प्रत्येक तीनच्या आरंभाला झोल द्यायचो. बाखचा प्रेल्यूड 'विठ्ठल विठ्ठल' करत चालायला लागला. आमच्या मंडळाचे तबलजी एकदा येऊन बसले आणि त्यांनी मांडीवर ठेका धरला, तेव्हा कळलं. मग मी पाचही सूर एकदम दाबून अख्खा तुकडा वाजवायला लागलो. साचाच नको, एक घर म्हणजे एक ठोकळा. हा उपाय नवा नाही, शिकवणारे हाच सांगतात. पण हे ठोकळे एकामागून एक ऐकले आणि तुकडा उघडला.

पहिलं घर सा, ग, प. दुसऱ्यात तळाचा सा जागचा हलत नाही, पण वर सगळं बदलतं, तिथं आता रे, ध, म. जोतं तेच, माळा नवा. तिसऱ्यात जोतं हलतं, सा एक पायरी खाली नीवर येतो, पण वरचे रे आणि म होते तिथंच. चौथ्यात सगळे घरी परत. चार घरांत एवढंच घडतं, की बाहेर जाऊन आलो. पाचव्यात उजवा हात सबंध तुकड्यातल्या सगळ्यांत उंच सुराला, तार धैवताला, हात लावतो. तिथून पुढं नुसता उतार आहे.

आठवं घर. इथं तळाला नी आणि त्याला लागून सा, दोन शेजारच्या पट्ट्या, दोन्ही दाबून धरायच्या. पेटीवर शिकाऊ पोराच्या बोटाखाली चुकून दोन पट्ट्या आल्या तर पाठीत धपाटा बसतो. इथं कागदावर तसं लिहिलेलं आहे. मी पहिल्या दिवशी छपाईची चूक समजून सा सोडून दिला. चूक नव्हती. ती ठुसठुस हवीच आहे, कारण नवव्या घरात फक्त करंगळी हलते. नी धवर उतरतो. बाकीचे चार सूर, सा ग प सां, जागचे हलत नाहीत. तरी काटा निघाल्यासारखं वाटतं. पुढं सोळाव्या-सतराव्या घरात हीच गोष्ट पुन्हा खालच्या अंगाला घडते. तळात ग आणि म एकमेकांना घासतात, मग ग खाली रेवर जातो आणि मोकळं होतं. बोट एकच हलतं. वरचे सूर पाहत राहिलात तर काही घडलेलंच दिसत नाही. जे घडायचं ते तळात घडतं आणि वर त्याचा रंग बदलतो. म्हणून म्हटलं, चाल करंगळीत आहे.

हा तुकडा मी निवडला तो 'पांढरी एक'मधला, म्हणजे काळ्या पट्ट्या लागणार नाहीत या हिशोबानं. सहाव्या घरात तीव्र मध्यम आला. बाराव्यात कोमल नी आणि कोमल रे एकदम. चौदाव्यात कोमल ध. बाविसाव्यात कोमल ग. बाराच्या बारा पट्ट्या झाल्या. त्यातला कोमल रे बाराव्या या एकाच घरात येतो, सगळ्यांत वर, चारदा वाजतो आणि पुन्हा तोंड दाखवत नाही. त्याच्यासाठी मला बोटांची मांडणी तीनदा बदलावी लागली. आकाशवाणीनं १९४० साली पेटीला बाहेर काढलं आणि १९७१ पर्यंत बाहेर ठेवलं, ते बारा बांधलेल्या सुरांच्या गुन्ह्यासाठी. हिच्यातून मींड निघत नाही, श्रुती मिळत नाहीत, हे खरंच आहे. पण जे पेटीचं पाप तेच बाखचं भांडवल. बारांपैकी कोणत्याही पट्टीला सा मानून वाजवता येईल अशी जुळणी केली तर काय काय करता येतं, हे दाखवायला त्यानं बारा मेजर, बारा माइनर अशा चोवीस जोड्यांचा संग्रह रचला. त्यातलं हे पहिलं पान. त्या काळची जुळणी आजच्यासारखी तंतोतंत समान होती का, यावर जाणकार अजून भांडतात.

तो संग्रह १७२२चा. बाख तेव्हा क्योथनच्या राजाकडे नोकरीला होता. आमच्या चांद्यावर, म्हणजे आजच्या चंद्रपुरावर, त्या वेळी गोंड राजांचं राज्य होतं. भोसल्यांनी चांदा घेतलं १७५१ साली, म्हणजे बाख वारला त्याच्या दुसऱ्या वर्षी. जटपुरा गेटातून जाताना मला हे कधी कधी उगाच आठवतं.

प्रेल्यूडचा आखूड, कच्चा अवतार त्याच्याही आधीचा आहे. थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडमान नऊ वर्षांचा असताना, १७२० साली, बाखनं त्याच्यासाठी एक वही सुरू केली, तिच्यात तो सापडतो. संग्रहाच्या पहिल्या पानावर बाखनं लिहिलंय की हे शिकू पाहणाऱ्या तरुणांच्या उपयोगासाठी आणि ज्यांना आधीच येतं त्यांच्या विरंगुळ्यासाठी. पन्नाशी उलटलेल्या पेटीवाल्याची सोय त्यात दिसत नाही, पण मी दोन्हींच्या मधे स्वतःला बसवून घेतलंय. गेर्बर नावाच्या शिष्याला बाखनं हा अख्खा संग्रह तीनदा वाजवून दाखवला, असं त्या गेर्बरच्या मुलानं लिहून ठेवलंय. शिकवायचा कंटाळा आला की गुरू स्वतःच वाजवायला बसायचा आणि शिष्य ऐकायचा. ही रीत आपल्याला सांगायला नको. संग्रह छापला गेला तो थेट १८०१ मध्ये. तोवर जवळजवळ ऐंशी वर्षं तो वह्यांमधून, हातानं उतरवून फिरत होता, नाटक कंपन्यांमध्ये पदांच्या वह्या फिरायच्या तसा.

आणि वह्यांतून जे फिरतं त्यात कोणीतरी भर घालतंच. इथंच माझं नाक कापलं गेलं.

माझ्याकडे होती ती एका जुन्या पुस्तकाची झेरॉक्स. कोणाच्या तरी पोरानं पुण्याहून आणलेली, कडा गेलेली. तिच्यावरून मी सगळं सरगममध्ये दोनरेघी वहीत उतरवून घेतलं, सप्तकांची टिंबं लाल शाईनं. चार महिन्यांत दोन्ही हात एकत्र आले. त्यानंतर कुठंतरी वाचलं की या प्रेल्यूडची घरं पस्तीस. वहीत मोजली तर छत्तीस. पुन्हा मोजली, छत्तीसच.

जास्तीचं घर बाविसाव्याच्या पुढं होतं. अठराव्या शतकात श्वेंके नावाच्या हॅम्बुर्गच्या संगीतकारानं ते घातलं. त्याच्यामुळं ते छापील प्रतींत शिरलं, गुनोनंही तेच घेतलं, आणि तिथून निघून नागपूर पॅसेंजरनं माझ्या वहीत येऊन बसलं. त्यानं ते का घातलं हे तळाचे सूर म्हटले की कळतं. एकविसाव्या घरात तळाला म. बाविसाव्यात तीव्र म. कोणाचाही कान म्हणेल, पुढं प येणार. पायरी दिसतेच आहे. बाख पायरी ओलांडतो. तेविसाव्यात तो पंचमाच्या पलीकडे कोमल धैवतावर उडी मारतो, त्यावर म, आणि त्याच्याही वर नी, सा, रे तिन्ही एकमेकांच्या अंगावर. सबंध तुकड्यात यापेक्षा खुपणारं घर नाही. मग चोविसाव्यात एक पायरी मागं, पंचम. श्वेंकेला ही उडी सोसली नाही. त्यानं मधे आपलं एक घर घातलं आणि तळाला प ठेवून दिला. पायऱ्या सलग झाल्या. म, तीव्र म, प, कोमल ध, प. ऐकायला गुळगुळीत. मी चार महिने ते गुळगुळीत वाजवलं आणि मला ते आवडतही होतं, हे कबूल करतो.

पण पूरिया धनाश्री ऐकलेल्या कानाला विचारा. पंचमाच्या अलीकडे तीव्र मध्यम, पलीकडे कोमल धैवत. या दोन शेजाऱ्यांमध्ये गवई संध्याकाळभर घोटाळतो आणि पंचम लांबवत नेतो, म्हणून तो लागला की सभा हलते. बाखला पूरिया धनाश्री ठाऊक नव्हता आणि त्याच्या डोक्यात राग नव्हता, हे मलाही कळतं. त्याचा हिशोब पाच-पाच सुरांच्या ठोकळ्यांचा. तरी पंचम दोन्ही बाजूंनी घेरायचा, पण त्याला हात लावायचा नाही, ही युक्ती मला वहीतल्या वहीत ओळखू आली. श्वेंकेचं घर म्हणजे आलाप रंगात आलेला असताना शेजारच्यानं "पंचम लावा की!" म्हणून लावून टाकणं.

चोविसाव्या घरात तो पंचम मिळतो तेव्हा आठ घरं सुटत नाही. वर काय वाटेल ते होवो, अठ्ठाविसाव्यात कोमल ग आणि तीव्र म येऊन सगळं ढवळून जावो, तळाला पंचम ठाम. मग बत्तिसाव्यापासून शेवटपर्यंत तळाला षड्ज. हे आपल्या तंबोऱ्याचे सूर. फरक एवढा, की तंबोरा आधी लागतो, षड्ज आपल्याला बैठक मांडतानाच दिलेला असतो आणि त्यावर आपण बांधतो. बाखला तो शेवटी मिळतो. पहिल्या घरातला सा मधल्या सप्तकातला. एकोणिसाव्यात अगदी तेच पहिलं घर परत येतं, सा ग प सां गं, पण अख्खं एक सप्तक खाली. आणि बत्तिसाव्यात तळाचा सा आणखी एक सप्तक खाली. दोन सप्तकं उतरायला बत्तीस घरं लागली. माझ्या साडेतीन सप्तकांच्या पेटीवर ती पट्टीच नाही, फार तर खर्जाचा स्वर खुला केला की तिचा भास होईल.

तो षड्जही येताना कोमल नी घेऊन येतो, म्हणजे पोचलो तरी टेकायचं नाही. त्यानंतरची दोन घरं साचा मोडतात. बत्तीस घरं सांभाळलेली शिस्त सुटते, सूर वर चढून वळसा घेत खाली येतात, आणि पस्तिसाव्यात सगळे सूर एकत्र, लांब. वाजवायला ही दोनच घरं खऱ्या अर्थानं बोटांची आहेत आणि माझी अजून दहातून चारदा घसरतात. लय किती, जोर किती, याची खूण बाखनं कुठंही केलेली नाही. मी सुरुवातीला हळू घेतो, घाबरून. रसिकता म्हणून नव्हे.

गाणं कधी सुरू होतं याचं उत्तर तसं पुढच्याच पानावर आहे. प्रेल्यूड हे नावापुरतं तरी आधीचं वादन, त्याच्या मागून फ्यूग येतो. एक चाल, आणि तीच चार आवाज एकामागून एक उचलून एकमेकांत घालतात. म्हणजे गाणारे आलेच, एक सोडून चार. ते पान मी एकदा उघडून पाहिलं आणि बंद केलं. दोन हातांत चार गवई बसवणं माझ्या उरलेल्या आयुष्यात होईल असं वाटत नाही. मी सूर भरणारा माणूस.

जास्तीचं घर काढायला मला चार आठवडे लागले. लाल शाईनं काट मारणं सोपं होतं, पण बोटं बाविसावं झालं की आपोआप पंचमावर जायची. मग मी बावीस, तेवीस, चोवीस एवढीच तीन घरं रोज पहाटे वाजवायचो, कूलर सुरू होण्याआधी. पांढऱ्या पट्ट्यांवर रात्रीतून बसलेली कोळशाची काळी पूड आधी पुसायची, मग तीव्र म, कोमल ध, प. तीव्र म, कोमल ध, प. हेडफोन लावून, म्हणजे घरात कोणाला त्रास नको.

एका रविवारी हेडफोन काढला आणि पस्तीस घरं सलग वाजवली. शेवटची दोन घसरली, पण थांबलो नाही. आतून मेथी निवडत असल्याचा आवाज येत होता, तो मधेच थांबला होता.

"आज मधात काही सुटलं का हो तुमचं?"